धुराड्यातल्या कडक थराला कोणता ब्रश?

पत्र थोडक्यात: खानापूर तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. एकत्र कुटुंब, कौलारू घर. चहा-नाश्ता गॅसवर होतो, पण भाकरी, भात आणि सगळ्यांच्या आंघोळीचं पाणी चुलीवरच. चुलीतून कौलांपर्यंत गेलेला राखाडी सिमेंटचा ४ इंची पाइप सासऱ्यांनी बसवलेला आहे. त्यावर मागाहून पत्र्याचा पाइप आणि टोपी जोडली. गेल्या पावसाळ्यात जळण ओलं होतं म्हणून काजू कारखान्यातली टरफलं स्वस्तात आणून जाळायला सुरुवात केली, ती अजून चालूच आहे. आता धूर उलटा घरात येतो. पाइपाच्या आत काळा, लाखेसारखा चकचकीत थर बसलाय. बांबूला खराटा बांधून फिरवला, काही निघालं नाही. मिस्टरांनी बेळगावहून तारेचा ब्रश आणला, तो दोन पाइपांच्या जोडापाशी अडकला आणि अजून तिथंच आहे. सासरे म्हणतात, पेंढा घालून एकदा पेटवून द्या, सगळं जळून जाईल. ताईंना ऑनलाइन एक ड्रिलला लावायचा नायलॉनचा ब्रश दिसला आहे. त्या विचारतात, "चवथीला घरात पंधरा-वीस माणसं असणार. त्याआधी हे साफ व्हायला हवं. याहून कडक तारेचा ब्रश घ्यावा की ड्रिलवाला?"

ताई, ब्रशाचं नंतर बोलू. आधी एक सांगतो, ते आजच करा: ती चूल बंद ठेवा. ब्रश अडकलेला पाइप अर्धाअधिक बुजलेला असतो. धूर घरात आला की डोळे चुरचुरतात म्हणून आपण खिडकी उघडतो, पण निखारे धुमसत राहिले तर धूर न दिसताही कार्बन मोनॉक्साइड खोलीत साठतो. त्याला वास नाही. डोकं जड होणं, मळमळणं ही त्याची सुरुवातीची खूण, आणि पावसाळ्यात दारं-खिडक्या लावलेल्या असताना ती सर्दी-पडशावर ढकलली जाते. चवथीपर्यंत आंघोळीच्या पाण्याची चूल परसात किंवा पडवीत, वर पत्रा आणि तिन्ही बाजू मोकळ्या अशा जागी मांडा. भाकऱ्याही तिथंच होतील. थोडी गैरसोय होईल, पण चालेल.

आता तुमचा प्रश्न. त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, की थर कडक म्हणजे ब्रशही तेवढाच कडक हवा. बहुतेकांना तसंच वाटतं आणि म्हणूनच पाइप खराब होतात. ब्रश ठरवायचा तो दोन गोष्टी बघून: थर कोणत्या जातीचा आहे आणि पाइप कशाचा आहे. तुमच्याकडे या दोन्ही गोष्टी ब्रशाच्या विरोधात आहेत.

थराच्या तीन अवस्था असतात. पहिली सुकी काजळी: बोट लावलं की भुकटी पडते. तिला मऊ ब्रश पुरतो, खराटासुद्धा पुरतो. दुसरी खवल्यांची: काळे, थोडे चमकणारे पापुद्रे, खिळ्याने ओढलं तर तुकडे निघतात. इथं ताठ ब्रश लागतो. तिसरी तुमची: चकचकीत, गुळगुळीत, खिळा नुसता घसरतो किंवा एक पांढरी रेघ उमटते. या थराला बाजारातला कोणताच ब्रश काढत नाही. तारेचा ब्रश त्याला वरून चकाकी आणतो, एवढंच. चुकीचा ब्रश आणला म्हणून घरात तुम्हाला बोललं जात असेल तर हे त्यांना दाखवा. खिळा घ्या, बॅटरी घ्या, खालच्या तोंडापाशी रेघ ओढून दाखवा. ब्रश बरोबर आणला असता तरी हेच झालं असतं.

हा थर असा का झाला, ते समजून घ्या, नाहीतर नव्या पाइपातही वर्षभरात तोच बसेल. लाकडाच्या धुरात पाण्याची वाफ आणि डांबरी वाफा असतात. पाइपाच्या आतली बाजू साधारण १२० अंश सेल्सियसच्या खाली गेली की त्या वाफा तिथंच थिजतात. ओलं जळण घातलं की आच पाणी उडवण्यात जाते, धूर थंड होतो आणि थर वाढतो. कौलांच्या वरचा तुमचा पत्र्याचा पाइप तर पावसात उघडाच आहे, म्हणजे सगळ्यात थंड. सिमेंटचा पाइप संपून पत्र्याचा सुरू होतो तिथं आतला व्यास थोडा कमी होतो आणि त्या कडेवर डांबराचं कडं धरतं. तुमचा ब्रश नेमका तिथंच अडकलाय, यात नवल नाही.

पण नुसत्या ओल्या जळणाने थराला एवढी चकाकी एका वर्षात सहसा येत नाही. ती काजूच्या टरफलांनी आणलीय. टरफलाच्या वजनाचा साधारण पाव हिस्सा तेल असतं. हेच ते तेल, जे कच्ची बी फोडताना हाताला लागलं की फोड येतात. रंग, व्हार्निश, ब्रेकच्या अस्तरातली राळ यांसाठी कारखाने ते विकत घेतात, कारण तापलं की ते घट्ट होतं आणि त्याची चिवट राळ बनते. कारखान्याच्या भट्टीत पंख्याने हवा मारून टरफलं धडाडून जळतात, तेल पुरतं जळून जातं. घरच्या चुलीत ती ओल्या लाकडावर धुमसतात, अर्धं तेल वाफ होऊन धुराड्यात चढतं आणि तिथं थिजून राळ होतं. म्हणजे धुराड्याला आतून व्हार्निश मारण्याचंच काम वर्षभर चाललंय. खानापूर, चंदगड, बेळगाव या पट्ट्यात टरफलं सहज मिळतात, त्यामुळे ही तक्रार एका घराची नाही. घरच्या चुलीत टरफलं घालू नयेत असं आमचं स्पष्ट मत आहे, भाकरीच्या चुलीत तर नकोतच. त्या वाफा डोळ्यांना आणि कातडीला झोंबतात. तेल काढलेली टरफलं मिळत असतील तर ती त्यातल्या त्यात बरी, पण तीही मोकळ्या जागेत, चांगली ज्योत धरलेल्या आगीवर थोडी थोडी.

आता पाइपाकडे येऊ, हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. १९८० च्या दशकात सुधारित चुली गावोगाव आल्या, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतली तीन भांड्यांची 'अस्त्र ओले' (कन्नडमध्ये ओले म्हणजे चूल) तर कर्नाटकभर पोचली. त्या काळात चुलींना सिमेंटचे जे राखाडी पाइप बसत, त्यांत अ‍ॅस्बेस्टॉसचे, म्हणजे बळकटीसाठी सिमेंटात बारीक खनिज तंतू मिसळलेले, खूप होते. नुसत्या डोळ्यांनी बघून ते ठरवता येत नाही, म्हणून जुना राखाडी सिमेंट पाइप अ‍ॅस्बेस्टॉसचाच आहे असं धरून चालायचं. तो शाबूत असेपर्यंत तंतू सिमेंटमध्ये घट्ट धरलेले असतात. तारेने घासला, करवतीने कापला, हातोडीने फोडला की ते मोकळे होऊन हवेत येतात. डोळ्यांना न दिसणारे हे तंतू फुप्फुसात जाऊन बसतात आणि त्यांचा आजार वीस-तीस वर्षांनी डोकं वर काढतो. त्यामुळे या पाइपात तारेचा ब्रश नाही, ड्रिलवाला ब्रश नाही, कोरडा खराटासुद्धा नाही. ऑनलाइन दिसलेला तो संच पत्र्याच्या किंवा विटांच्या धुराड्यात उपयोगी आहे. तुमच्या पाइपात तो धोक्याचाच. शिवाय घरातली साधी ड्रिल मशीन मिनिटाला अडीच-तीन हजार फेरे मारते. त्या वेगात लवचीक दांडे फटकारतात आणि जोड सुटतात. अशा ब्रशाला वेग कमी-जास्त करता येणारी मशीनच हवी.

मामंजींच्या सूचनेबद्दल आदराने बोलायला हवं, कारण ती अनुभवातूनच आलेली असणार. सुक्या जळणाची पातळ, भुकटीची काजळी पेंढ्याच्या जाळाने झडते, हे खरं आहे. राळेचा थर मात्र झडत नाही, पेटतो. एकदा पेटला की पाइपात घोंघावणारा आवाज सुरू होतो, आच हजार अंशांच्या आसपास जाऊ शकते आणि ती आपल्या हातात राहत नाही. पत्र्यावरचं जस्त ४२० अंशांना वितळतं, सिमेंटचा पाइप तडकून फुटतो, आणि त्याला लागून आहेत तुमच्या कौलांचे वासे आणि रिपा. त्यांना सांगताना "तुमचं चुकतंय" असं नको. "तेव्हा टरफलं नव्हती, आता थर वेगळा आहे" एवढं सांगितलं तर त्यांना पटेल, कारण ते खरंच आहे.

(कोणाच्याही धुराड्यात चुकून आग लागलीच, तर चुलीचं तोंड ओल्या गोणपाटाने आणि वर मातीने गच्च बंद करा, म्हणजे हवा तुटेल. पाइपात वरून पाणी ओतू नका. तापलेला पाइप फुटतो आणि उकळती वाफ खाली येते. माणसं बाहेर काढा आणि ११२ किंवा १०१ ला फोन करा.)

मग करायचं काय? तीन वाटा आहेत. हाच पाइप साफ करत बसणं ही पहिली, आणि वर सांगितलेल्या कारणांनी ती मी बाद करतो. दुसरी, चवथीतही परसातलीच चूल चालवून पाऊस उघडल्यावर पूर्ण धुराडं बदलणं. तिसरी, चुलीवरचं आंघोळीचं पाणी कायमचं बंद करून बंब किंवा सोलरकडे जाणं. ती खर्चाची आणि घराच्या सवयींची गोष्ट आहे, ती तुम्ही सगळ्यांनी बसून ठरवा. माझा कौल दुसऱ्या वाटेला आहे. चवथीच्या घाईत, श्रावणाच्या पावसात, शेवाळलेल्या कौलांवर कोणालाही चढवू नका. चार दिवसांच्या पाहुण्यांसाठी एवढा धोका पत्करण्यासारखं काही नाही.

काम काढाल तेव्हा असं करा. चूल किमान पूर्ण एक दिवस थंड असावी, राख काढून तोंडावर ओलं पोतं लावलेलं असावं. पहिल्यांदा वरचा पत्र्याचा पाइप त्याच्या जोडातून सरळ वर उचलून काढा. जोडापाशी अडकलेला ब्रश बहुतेक त्याच्याबरोबर येईल किंवा त्याचं टोक हाताशी येईल. तो पत्र्याच्या पाइपात राहिला तर पाइप जमिनीवर आडवा ठेवून, ब्रश ज्या दिशेने गेला होता त्याच दिशेने बांबूने पुढे ढकलून बाहेर काढा. उलटा ओढू नका; तारा मागे कललेल्या असतात, उलटं ओढलं की त्या भिंतीत रुततात. सिमेंटच्या पाइपात राहिला तर त्याला हातच लावू नका, पाइपासकट जाऊ दे.

सिमेंटचा पाइप काढण्याआधी भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब घातलेलं पाणी फवारणीच्या पंपाने त्याच्यावर आणि वरून आतही मारा, पूर्ण ओला होईपर्यंत. भोवतीची माती किंवा गिलावा हळूहळू मोकळा करा, पाइप अखंड उतरवा, जाड प्लास्टिकच्या कागदात दोनदा गुंडाळून चिकटपट्टीने बंद करा. पंचायतीला विचारून त्याची विल्हेवाट लावा. विहिरीकाठी, शेताच्या बांधावर किंवा रस्त्याच्या भरावात फोडून टाकू नका. काम करणाऱ्याला कापडी फडकं किंवा साधा मास्क पुरत नाही, पी-३ दर्जाची गाळणी असलेला मास्क लागतो. रबरी हातमोजे हवेत, काजूच्या राळेसाठीही. मुलं आणि म्हातारी माणसं त्या वेळी घरात नकोत. झाल्यावर जागा झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. आणि लांब दांडा किंवा पाइप हाताळताना घरावरून आलेली हेस्कॉमची विजेची तार कुठं आहे ते आधी बघा. ओला बांबूही वीज वाहतो.

नवा पाइप लावताना चुलीपासून पहिले तीन-चार फूट जाड काळ्या पत्र्याचे, १६ गेजचे घ्या. जस्त चढवलेला पत्रा आगीच्या इतक्या जवळ टिकत नाही. वर स्टेनलेस परवडला तर उत्तम, नाहीतर जस्ती चालेल. वरच्या पाइपाचं तोंड खालच्या पाइपाच्या आत बसवा, उलट नको, म्हणजे गळणारं डांबर आतल्या आत राहतं, जोडातून भिंतीवर ओघळत नाही. व्यास खालपासून वरपर्यंत एकच ठेवा. वाशांपासून पाइप हातभर, म्हणजे दीड फूट दूर असावा. वरचं टोक कौलातून बाहेर आल्या जागेपासून ३ फूट वर आणि दहा फुटांच्या आतलं जे काही सगळ्यात उंच असेल, आढं धरून, त्याच्यापेक्षा २ फूट वर हवं. बुडाशी टी-जोड घालून त्याला काढता येणारं झाकण ठेवायला पत्र्याचं काम करणाऱ्याला आवर्जून सांगा. हे झाकण असलं की पुढची सगळी सफाई सोपी होते आणि ते नेमकं राहून जातं.

आणि आता ब्रश. नव्या पत्र्याच्या पाइपाला नायलॉनचा गोल ब्रश घ्या, पीळ घातलेल्या तारेच्या दांड्यावर केस बसवलेला. जस्ती पत्र्यावर लोखंडी तार फिरवली की जस्त खरवडलं जातं आणि खानापूरच्या पावसात तिथूनच गंज धरतो. स्टेनलेसवर तर लोखंडी तार कधीच नको. तिचे कण रुतून चांगल्या पाइपाला गंजाचे ठिपके येतात. माप "४ इंची" एवढंच सांगू नका. पाइपाचा आतला व्यास पट्टीने मोजा. नायलॉनचा ब्रश त्याहून पाव इंच मोठा असावा, म्हणजे केस वाकून भिंतीला दाब देतात. तारेचा घ्यायची वेळ आली तर तो बरोबर मापाचा, मोठा नाही. नायलॉन गरम पाइपात मऊ पडतं, म्हणून पाइप पूर्ण थंड असू दे.

दांड्यांपेक्षा दोरीची पद्धत तुमच्या घराला सोयीची. ब्रशाच्या दोन्ही टोकांना कडी करून घ्या, दोन्हीकडे पाइपाच्या दुप्पट लांबीची दोरी बांधा. वरच्याने एक दोरी धरायची, खालच्याने टी-जोडाच्या झाकणातून दुसरी. ब्रश अडकला तरी दुसऱ्या बाजूने सोडवता येतो, आत राहून जात नाही. प्रत्येक खेपेला तो पाइपाच्या पूर्ण बाहेर काढायचा आणि मगच उलट ओढायचा. मधे थांबून दिशा बदलली की अडकतो. स्क्रूचे दांडे वापरणार असाल तर फिरवताना ते नेहमी घड्याळाच्या काट्याच्या दिशेनेच फिरवा. उलट फिरवलं की जोड उघडतो आणि ब्रश आतच राहतो. टोपी वेगळी काढून खाली घासा. धूर उलटा येण्याचं निम्मं कारण बऱ्याचदा टोपीच्या जाळीत असतं.

कधी साफ करायचं? बॅटरी आणि छोटा आरसा घेऊन महिन्यातून एकदा खालून बघा. थर ३ मिलिमीटरचा झाला की ब्रश फिरवा. ऐकायला थोडं वाटतं, पण १०० मिलिमीटरच्या पाइपात चारी बाजूंनी ६ मिलिमीटर थर बसला तर धुराची वाट जवळजवळ पावपट कमी होते. काहीही झालं तरी एक सफाई मृगाच्या आधी, मे महिन्यात हवीच. काजळी आंबट असते. पावसाची ओल तिला लागली की चार महिने ती पत्रा खात बसते. जळण फोडून, पडवीत हवेशीर रचून सहा महिने सुकवा. सुकलेल्या लाकडाच्या टोकाला भेगा दिसतात, दोन तुकडे एकमेकांवर आपटले की टणक आवाज येतो आणि जळताना टोकातून फेस येत नाही. मीठ टाकून काजळी सुटते असं बरेच जण सांगतात. मिठाने पत्रा लवकर गंजतो, ते करू नका.

याच विषयावर इतरांचेही प्रश्न येतात, म्हणून थोडक्यात. तांब्याच्या बंबाची मधली नळी लोखंडी तारेने घासू नये, तांबं मऊ असतं; काथ्याचा किंवा पितळी तारेचा ब्रश घ्या. बेकरी आणि कुंद्याच्या भट्टीचं विटांचं धुराडं असेल तर तिथं मात्र चपट्या तारेचा ताठ ब्रश योग्य, आणि धुराडं चौकोनी असेल तर ब्रशही चौकोनी. गोल ब्रश कोपरे सोडतो. स्वयंपाकघरातल्या विजेच्या चिमणीचा मामला वेगळा, तिथं काजळी नसून तेलकटपणा असतो. जाळ्या गरम पाण्यात भांडी घासायचा साबण घालून अर्धा तास भिजवा. अ‍ॅल्युमिनियमच्या जाळीला कॉस्टिक सोडा लावला तर जाळीच विरते.

ताई, ब्रश घ्यायला बेळगावला जाल तेव्हा घरगुती सामानाच्या दुकानापेक्षा उद्यमबागेकडच्या औद्योगिक सामानाच्या दुकानांत विचारा. साखर कारखान्यांच्या बॉयलरच्या नळ्या साफ करायला असे ब्रश लागतात, त्यामुळे तिथं "ट्यूब ब्रश, नायलॉन" म्हटलं की समजतं. पाइपाचा आतला व्यास कागदावर मिलिमीटरमध्ये लिहून न्या आणि दोन्ही टोकांना कडी हवी हे आधीच सांगा. आणि हे काम तुम्ही एकटीने अंगावर घेऊ नका, दोरीच्या दुसऱ्या टोकाला माणूस लागतोच.